नजर खालच्या गड्यावर

त्या पोराचा डावा हात सुटला तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला होतो.

पुण्याजवळच्या एका मंगल कार्यालयात हौशी एमएमएची स्पर्धा होती. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, सांधा पिळणं, गळा आवळणं, सगळं चालतं अशी ही जाळीच्या पिंजऱ्यातली लढत. कुस्तीचा पंच म्हणून मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, पण पिंजऱ्यात उभं राहायची ही तिसरीच वेळ. दुसऱ्या राउंडला निळ्या ग्लोव्हजवाल्यानं पाठीवर स्वार होऊन लालवाल्याच्या गळ्यात हात घातला. मी पटकन गुडघ्यावर बसलो आणि हात कसा बसलाय ते बघायला लागलो. कोपर हनुवटीच्या बरोबर खाली आलंय, दुसऱ्या हाताचं कुलूप लागलंय, पाय मांड्यांत अडकलेत. पकड इतकी साफ होती की मी तीच बघत राहिलो. लालवाल्याचा डावा हात माझ्या पलीकडे होता. तो आधी निळ्याचं मनगट ओढत होता, मग नुसताच त्यावर टेकला, मग मॅटवर पडला. हे मला त्या वेळी दिसलंच नाही. रात्री घरी व्हिडिओ बघताना दिसलं.

'सर, झोपला तो!' असं ओरडला तो निळ्याच्याच कॉर्नरमधला कोच. मी हात घालायच्या आधी निळ्या पोरानं स्वतःहून पकड सोडली होती. लालवाला कुशीवर कलंडला. पाय धरून वर केले, डॉक्टर आत आले, आणि साताठ सेकंदांत पोरानं डोळे उघडले. उघडल्या उघडल्या त्यानं माझ्या पायाला मिठी मारली आणि एकेरी पट काढायला लागला. त्याच्या हिशेबानं लढत चालूच होती. मी त्याचं डोकं मांडीशी धरून 'संपलं बाळा, संपलं' म्हणत राहिलो. त्यानं विचारलं, 'सर, किती वेळ राहिलाय?'

त्याला काही झालं नाही. संध्याकाळी मित्रांबरोबर वडापाव खाताना दिसला. पण मी तो व्हिडिओ घड्याळ लावून मोजला. हात मॅटवर पडल्यापासून पकड सुटेपर्यंत चार सेकंद. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की माणसाची शुद्ध जायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्यावरचे चार सेकंद त्या पोरानं माझ्यामुळे काढले. त्या चार सेकंदांत त्याच्या वतीनं बोलणारं आत फक्त एक माणूस होतं, आणि तो माणूस दुसऱ्याच्या डावाचं कौतुक करत होता.

ही सवय कुठून आली ते मला नीट माहीत आहे. मी वाळवा तालुक्यातला. घरात आजोबांपासून तालीम. मी स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलो, गुडघा गेला, बीपीएड केलं, शाळेत क्रीडाशिक्षक झालो आणि कुस्तीच्या पंचाची परीक्षा दिली. मातीतल्या कुस्तीत पंच वाकून, कधी अगदी छाती टेकवून बघतो की पाठ लागली का. मॅटवर एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी, आणि डाव करणाऱ्याच्या रंगाचा हात वर करून बोटांनी गुण दाखवायचे. ताबा घेतला, दोन. भारंदाज मारली, दोन. उचलून टाकला, चार. म्हणजे सगळी नजर करणाऱ्यावर. आमचे वस्ताद म्हणायचे, 'पंचाचं डोळं डाव करणाऱ्याच्या हातावर पाहिजेत, न्हाईतर गुण चुकतोय.' कुस्तीपुरतं ते अगदी खरं आहे. तिथं गळा आवळणं बंद, सांधा उलटा फिरवणं बंद. खालच्याला धोका आहे तो पाठ लागण्याचा.

त्या स्पर्धेनंतर मुंबईच्या एका जुन्या रेफरींना मी व्हिडिओ पाठवला. ते माझ्यापेक्षा वयानं लहान, पण या कामात मोठे. त्यांचा फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, 'सर, तुम्ही जिंकणाऱ्याला बघताय. तो बराच आहे. हरणाऱ्याला कोण बघणार?' मग म्हणाले, 'जॉन मॅकार्थी कसा रेफरी झाला ते वाचा. आणि हर्ब डीनची २००४ ची सिल्व्हियाची फाईट बघा. दहा वेळा बघा.'

मी शंभर वेळा बघितली असेल. पण आधी मॅकार्थीचं सांगतो, कारण आम्ही जे काम करतो ते त्या माणसानं भांडून मिळवलेलं आहे.

मॅकार्थी लॉस एंजेलिस पोलिसात होता. सहा फूट चार इंचांचा धिप्पाड गडी, पोलीस अकादमीत नव्या भरतीला झटापटीत माणूस कसा आवरायचा ते शिकवायचा. टॉरन्सला ग्रेसी कुटुंबाकडे जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची झुंज, शिकत होता. त्याच कुटुंबातला रोरियन ग्रेसी हा यूएफसी, म्हणजे एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा, सुरू करणाऱ्यांपैकी एक. पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला झाली. दुसरीही डेन्व्हरलाच, ११ मार्च १९९४ ला, आणि तिथं मॅकार्थी पहिल्यांदा पंच म्हणून आत उतरला. सोळा लढवय्ये, एका रात्रीत १५ लढती. वेळेची मर्यादा नाही, राउंड नाहीत, वजनगट नाहीत, हातात ग्लोव्हज असलेच पाहिजेत असं नाही. चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत, एवढंच बंधन. आणि पंचाला लढत थांबवायचा अधिकार नाही. लढवय्यानं टॅप करायचा, म्हणजे थाप मारून हार मानायची, नाहीतर त्याच्या कॉर्नरनं टॉवेल टाकायचा. पंचानं ते घडेपर्यंत उभं राहायचं.

त्या रात्री पॅट स्मिथ आणि स्कॉट मॉरिस यांची लढत अर्धा मिनिट चालली. मॉरिस खाली गेला, स्मिथ छातीवर बसला आणि कोपरांनी तोंडावर मारत सुटला. कॉर्नरमधून टॉवेल आला नाही. मी ती फीत बघितली आहे, पुन्हा बघणार नाही. खालचा माणूस कधीच लढायचा थांबलाय, वरच्याला ते कळायला वेळ लागतोय, आणि तिथंच दोन हातांवर एक पोलीस उभा आहे ज्याचं रोजचं काम म्हणजे झटापट कुठं थांबवायची ते शिकवणं. त्याला सगळं दिसत होतं आणि करता काही येत नव्हतं. मी चार सेकंद आंधळा होतो, तर त्याला डोळे असून हात बांधलेले. यातलं जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्पर्धा संपल्यावर त्यानं सांगून टाकलं की थांबवायचा अधिकार देणार नसाल तर मी पुन्हा येणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तिसरी स्पर्धा झाली तेव्हा तो अधिकार पंचाला मिळालेला होता. आज जगात कुठंही, अगदी आमच्या मंगल कार्यालयातसुद्धा, पंच दोन हात हलवत मध्ये पडतो तो त्या एका नकारामुळे. पंचाची कारकीर्द म्हटलं की लोक मोठमोठ्या लढती मोजतात. मॅकार्थीनं त्याही पुष्कळ केल्या, आणि सुरुवातीची त्याची 'लेट्स गेट इट ऑन!' ही आरोळी तर खेळाची ओळख बनली. पण माझ्या लेखी त्याची कारकीर्द सुरू झाली ती 'येणार नाही' म्हणाला त्या दिवशी.

पुढचं भराभर सांगतो. अमेरिकेत सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि गावोगावी बंदी यायला लागली. त्या रेट्यात नियम आले. १९९७ मध्ये वजनगट आणि सक्तीचे ग्लोव्हज, १९९९ मध्ये पाच पाच मिनिटांचे राउंड. मग न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळानं २००० ते २००१ च्या काळात एकसंध नियम बांधले, त्या कामात मॅकार्थीही होता. तेच नियम आज बहुतेक सगळीकडे चालतात. पुढे त्यानं पंच घडवण्यासाठी अभ्यासक्रम काढला, आणि २०१८ मध्ये पिंजऱ्याबाहेर येऊन बेलेटर या दुसऱ्या एमएमए स्पर्धेच्या समालोचनाला बसला.

आता ती २००४ ची लढत. १९ जून, लास व्हेगास, मँडले बे. हेवीवेटचा किताब रिकामा होता, त्यासाठी फ्रँक मिर आणि टिम सिल्व्हिया. सिल्व्हिया सहा फूट आठ इंच. सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोवर मिरनं खालून त्याचा उजवा हात धरला, पाय छातीवर टाकले आणि आर्मबार लावला. सिल्व्हिया जोर लावून हात सोडवत होता. सगळं सभागृह कोपराकडे बघत होतं, कारण आर्मबारमध्ये जाणार तो सांधा कोपराचा. आणि पंच हर्ब डीन मध्ये पडला. 'थांबा, थांबा!' म्हणत त्यानं लढत तोडली. पन्नासावा सेकंद.

सिल्व्हिया भडकला. माझा हात बरा आहे, मी टॅप केला नाही, तू का थांबवलंस, म्हणून वाद घालायला लागला. प्रेक्षक हुर्यो करायला लागले. किताबाची लढत, पन्नास सेकंद, टॅप नाही, आणि पंचानं तोडली. डीन हाताकडे बोट दाखवत सांगत होता की हाड मोडलंय. त्या क्षणी त्या अख्ख्या सभागृहात त्याचं म्हणणं पटलेला माणूस जवळपास नव्हता. मग मोठ्या पडद्यावर तोच क्षण संथ गतीनं दाखवला. कोपर शाबूत. पण कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, जिथं माणसाचा हात कधी वाकत नाही, तिथं तो वाकला. क्षणभरच. ओली फांदी मोडताना साल धरून ठेवते तसा. हुर्यो करणारे तोंड फिरवायला लागले. सिल्व्हियानं नंतर जाहीरपणे मान्य केलं की डीननं आपली कारकीर्द वाचवली.

मी ती फीत थांबवून थांबवून बघितली ती डीन कुठं उभा आहे हे बघायला. मिरचे पाय छान बसलेत, पण तो मिरकडे बघतच नाही. तो अशा बाजूला सरकलाय जिथून सिल्व्हियाचा अख्खा हात मनगटापासून खांद्यापर्यंत दिसतो. डाव कोपरावर होता म्हणून त्यानं फक्त कोपर बघितलं असतं, तर मोडलेलं हाड त्याला दिसलं नसतं. तो डाव बघत नव्हता, माणूस बघत होता. आणि तो स्वतः लढलेला आहे, त्याच्या नावावर जिंकलेल्या आणि हरलेल्या व्यावसायिक लढती आहेत. लढणारा मोडल्या हातानंही 'बरा आहे' म्हणतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अंगात ती ऊब असते तोवर दुखतच नाही. मी गुडघा गेला तेव्हा उठून पुन्हा सलामीला उभा राहिलो होतो.

पण मी डीनचा भक्त म्हणून लिहीत नाही. त्याच्या चुकाही मी तितक्याच बारकाईनं बघितल्या आहेत, आणि खरं शिकलो त्यातून. मार्च २०१९ मध्ये लास व्हेगासला रॉबी लॉलर आणि बेन ॲस्क्रन यांची लढत झाली. सुरुवातीलाच लॉलरनं ॲस्क्रनला डोक्यावर आपटलं आणि असा धुतला की डीननं तिथं थांबवली असती तरी कुणी तक्रार केली नसती. त्यानं थांबवली नाही, आणि ॲस्क्रन सावरला. मग ॲस्क्रननं जाळीला रेटून लॉलरची मान काखेत धरली. लॉलरचा हात लोंबकळल्यासारखा दिसला. डीननं हात धरून बघितला, हात खाली गेला, डीननं लढत थांबवली. लॉलर ताडकन उभा! पूर्ण शुद्धीत, आणि संतापलेला. एकाच लढतीत, एकाच माणसानं, एकाला संधी दिली आणि दुसऱ्याची हिरावली असं लोक म्हणाले.

आणि जुलै २०२० मध्ये अबू धाबीला उलटं झालं. फ्रान्सिस्को ट्रिनाल्डोनं जय हर्बर्टला एका ठोशात आडवा केला. पुढं मारण्याआधी ट्रिनाल्डो थबकला, त्यानं डीनकडे बघितलं. मारणारा माणूस पंचाला डोळ्यांनी विचारतोय, बस झालं ना? डीन आला नाही. ट्रिनाल्डोला पुन्हा मारावं लागलं. समालोचक डॅन हार्डी बाजूनं 'थांबवा' म्हणून ओरडला, त्यावरून नंतर दोघांची जुंपली. डीननं आपली बाजू मांडली, ती मी ऐकली. माझं मत हार्डीच्या बाजूनं आहे. मारणारा स्वतः थांबला की पंचाला उशीर झालेला असतो. माझ्या त्या चार सेकंदांतही निळ्या पोरानंच आधी पकड सोडली होती, हे मला विसरता येत नाही.

लोकांना वाटतं रेफरीचं काम लढत सुरू झाल्यावर सुरू होतं. माझा अर्धा दिवस कपडे बदलायच्या खोलीत जातो. एकेका पोराला समोर बसवून नखं बघायची, ग्लोव्हज दाबून बघायचे, पट्टी अंगठ्यावर जाडजूड तर नाही बांधली, जांघेचा कप घातलाय का, माउथगार्ड तोंडात बसतंय का, चेहऱ्यावर व्हॅसलीन किती लावलंय. आमच्याकडे आणखी काही बघावं लागतं जे लास व्हेगासला बघत नसतील. करदोटा, दंडातला ताईत, मनगटाचा लाल दोरा. एकदा पंढरपूरकडचा एक पोरगा आला, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाला, 'सर, ही काढत नाही आम्ही.' मी म्हटलं, 'गळ्यात चोक बसला तर मणी घशात रुततील. तुझ्या घरच्या कुणाकडे दे.' घरचं कुणी आलंच नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं माळ काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. मी ती रुमालात गुंडाळून टेबलावरच्या डॉक्टरांकडे ठेवली, कारण पंचाच्या खिशात एका लढवय्याची वस्तू बरी दिसत नाही. तो हरला. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी माळ मागायला आला.

तिथंच नियमही सांगायचे. मी इंग्रजीतून सांगणं बंद केलंय. 'थांब म्हटलं की थांबायचं. टॅप हातानं कर, पायानं कर, तोंडानं सांग. दोन्ही हात अडकले आणि दुखून ओरडलास, तरी तो मी टॅप धरणार, मग नंतर वाद घालायचा नाही. मार खात असशील तर मला काहीतरी करून दाखव. मी हलायला सांगितलं आणि हलला नाहीस तर मी येतो.' नियमांच्या पुस्तकातला शब्द असा आहे की लढवय्या अक्कलहुशारीनं स्वतःचा बचाव करतोय का. दोन्ही हातांनी डोकं झाकून पडून राहणं म्हणजे बचाव नव्हे, हे पोरांना पटवणं सगळ्यात अवघड. माझी नजर पहिल्यांदा कमरेवर जाते. खालचा गडी कंबर सरकवत असेल, पाय कुठंतरी अडकवायला बघत असेल, मारणाऱ्याचं मनगट शोधत असेल, तर तो अजून लढतोय, नाकातून कितीही रक्त येऊ दे. कंबर मेली, मान सैल झाली, की संपलं. कुस्तीतल्या माणसाला कंबर वाचता येते, एवढी एक गोष्ट मात्र मला तालमीनं फुकट दिली.

चोक असेल तर आता मी मोकळ्या हाताच्या बाजूलाच जातो. पोटावर पडायची पाळी आली तरी जातो. हात दिसत नसेल तर तळवा धरतो आणि जरा दाबतो, शुद्धीत असेल तर तोही दाबतो किंवा झटकतो.

नियम पाठ करून भागत नाही, ते बदलतातही. कोपर सरळ वरून खाली, घड्याळातल्या बारापासून सहाकडे यावं तसं मारणं हा वर्षानुवर्षं फाऊल होता. यूएफसीतल्या नामवंत जॉन जोन्सच्या नावावर जी एकमेव हार आहे ती त्याच फाऊलवर, डिसेंबर २००९ मध्ये मॅट हॅमिलविरुद्ध, आणि तीही तो जिंकत असताना. १ नोव्हेंबर २०२४ पासून तो फाऊल अमेरिकेतल्या नियमांतून काढून टाकला. आमच्या हौशी लढतींत कोपर मुळातच बंद असतं, पण व्यावसायिक लढतीला उभं राहायचं तर हे सगळं डोक्यात ताजं लागतं. राउंड चालू असताना पुस्तक उघडता येत नाही.

आपल्याकडे हा खेळ नवा आहे. मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाईट लीगचा पहिला कार्यक्रम झाला तो ११ मार्च २०१२ ला, म्हणजे मॅकार्थी पहिल्यांदा डेन्व्हरला उतरला त्याच तारखेला, अठरा वर्षांनी. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत लढला. तो हरला, पण आमच्या तालमीतल्या पोरांनी ती लढत मोबाईलवर डोक्याला डोकं लावून बघितली. नंतर वाटा उघडल्या. २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

लढवय्यांची नावं तरी लोकांना माहीत होतात. अमेरिकेत पंच नेमतं ते सरकारी कमिशन, त्याची फीही तेच ठरवतं, म्हणून आयोजकाचा लाडका लढवय्या हरत असला तरी पंचाची पुढची नेमणूक आयोजकाच्या हातात नसते. आमच्याकडे बोलावतो आयोजक, पैसे देतो आयोजक. मला पहिल्या स्पर्धेचे दिवसभराचे दोन हजार मिळाले होते आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडं. त्यावर घर चालत नाही, म्हणून शाळा सुटली नाही आणि सुटणारही नाही. पण मला पैशांपेक्षा जास्त टोचतं ते दुसरंच. एका ठिकाणी ॲम्ब्युलन्स आली नव्हती. आयोजक म्हणाले, 'रस्त्यात आहे, सर, सुरू करा.' मी नाही म्हटलं. पाऊण तास प्रेक्षक टेबलं वाजवत बसले. ॲम्ब्युलन्स आली, मी लढती केल्या, आणि तिथून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मी तो निर्णय उद्याही तसाच घेईन.

पंचावर हात उचलणं या विषयावर मला शांत राहता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी निकालावरून पंचाला लाथ बसली, ती सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितली. त्या पैलवानावर तीन वर्षांची बंदी आली. त्या निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो. पाठ लागली की नाही लागली यावर मीही मित्रांशी रात्रभर वाद घातलाय. पण त्या आठवड्यात लोकांनी पंचाबद्दल जे लिहिलं ते वाचून माझ्या मुलीनं विचारलं, 'बाबा, तुम्हालाही मारतील?' तिला काय सांगणार? नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्लिनला बेलेटरच्या लढतीत कॉनर मॅकग्रेगर जाळीवरून उडी मारून आत घुसला आणि मार्क गॉडर्ड या पंचाला ढकललं. मॅकग्रेगर तेव्हा जगातला सगळ्यात मोठा लढवय्या, आणि गॉडर्डला त्याच वेळी खाली पडलेल्या गड्याकडे बघायचं होतं. पंचाला धक्का बसतो तेव्हा खालचा माणूस विनापहाऱ्याचा होतो. राग येतो तो याचा.

माझ्या अंगावर अजून कुणी आलं नाही. एक वाक्य मात्र आलं. गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका पोराची लढत मी पहिल्या राउंडमध्ये थांबवली. कानामागं ठोसा बसला, तो खाली गेला, हात वर होते, डोळे उघडे होते, पण कंबर हलेना. 'हल,' म्हटलं. पुन्हा म्हटलं. आणखी दोन ठोसे बसले, मी मध्ये पडलो. तो लगेच उठून बसला आणि नीट बोलायला लागला. त्यानं हात जोडले नाहीत, शिवी दिली नाही. खाली उतरताना एवढंच म्हणाला, 'सर, तुम्ही माझी फाईट खाल्ली.' सहा महिने गोदामात रात्रपाळी करून त्यानं तयारी केली होती, हे मला नंतर कळलं. मी व्हिडिओ बघितला. खूपदा बघितला. अजून तीन सेकंद दिले असते तर कदाचित सावरला असता. कदाचित. मी जुन्या रेफरींना विचारलं, ते म्हणाले की बरोबर होतं. माझी पत्नी म्हणाली, 'त्याच्या आईला विचारा.' पण तो पोरगा मला चूकच म्हणणार, आणि त्याला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तो पुढं भेटला की नजर चुकवतो. मीच त्याला नमस्कार करतो.

आणि तो पहिला, चार सेकंदांचा पोरगा. वर्षभर मी त्याच्या लढती घेतल्या नाहीत, नेमणूक आली की दुसऱ्याला सांगायचो. या जानेवारीत पर्याय नव्हता, दुसरे रेफरी आजारी पडले आणि यादी माझ्याकडे आली. खोलीत तो समोर बसला, दोन्ही हात पुढं केले. मी नखं बघितली, ग्लोव्हज दाबले, टेपची कड चिकटवली. त्याला त्या दिवसाचं काही आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, 'चला, सर.'

तीन राउंड, तीन तीन मिनिटांचे. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्यानं पुन्हा त्याची पाठ घेतली, पुन्हा गळ्यात हात गेला. मी तोवर त्याच्या डाव्या बाजूला पोचलो होतो, गाल मॅटला लावून. तळहात समोर दिसत होता, पाचही बोटं समोरच्याच्या मनगटात रुतलेली, नखांच्या मुळाशी पांढरी पडलेली. बोटं सैल झाली नाहीत. त्यानं हनुवटी आत घातली, कंबर सरकवली आणि फिरून वर आला. शेवटी गुणांवर जिंकला. त्या नऊ मिनिटांत मला दोनदाच बोलावं लागलं. एकदा 'जाळी सोड', आणि एकदा 'वेळ संपली'.